बिनपाटीचं दार

बेल वाजली तेव्हा मी मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत बसले होते. दार उघडलं तर दोन बायका. एक साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली. दुसरी तिशीतली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं हसू की बघणाऱ्याचे गाल दुखावेत. तिनं माझ्या हातात ओल्या टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही कधी येशूबद्दल ऐकलंय का?" पाकिटावर चर्चचं नाव छापलेलं होतं. आमच्याच चर्चचं. ज्या चर्चमध्ये मी एकतीस वर्षं जाते, जिथे माझं लग्न लागलं, जिथे माझ्या मुलाचा, थे-ओचा बाप्तिस्मा झाला, आणि जिथे येत्या रविवारी मला क्वोनसा करणार आहेत. पन्नाशीपुढच्या भरवशाच्या भक्तिणींना तो मान मिळतो. आणि ह्या बाईसाहेब मला विचारतायत, येशूबद्दल ऐकलंय का! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखी मी पाकीट हातात धरून उभी राहिले.

त्यांची तरी काय चूक? आमच्या नोवोन भागातल्या ह्या इमारतींत ख्रिस्ती घर दारावरून ओळखतात. नंबराच्या खाली चर्चची छोटी पितळी पाटी असते. प्रचाराला निघालेली माणसं आधी दार बघतात. पाटी असेल तर पुढे जायचं, नसेल तर बेल वाजवायची. मी स्वतः दहा वर्षं अशीच जिने चढले आहे. गेल्या महिन्यात सोसायटीनं दारं रंगवायला काढली. रंगाऱ्यानं सगळ्यांच्या पाट्या उचकटून, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. आमच्या मजल्यावर पाटी असलेली पाच घरं. चौघांनी रंग वाळायच्या आत परत चिकटवल्या. माझी ड्रॉवरमध्ये पडली, रबरबँड आणि जुन्या चाव्यांच्या शेजारी. मी काही ठरवून टाकली नाही हो. उद्या लावू, परवा लावू, असं करत राहिलं. नवरा बुसानला नोकरीवर, पंधरा दिवसांनी येतो, त्यानं विचारलं, "पाटी कुठाय गं?" मी म्हटलं, "लावते." आणि खरं सांगायचं तर एवढीशी पाटी लावायची पण ती मेली इतकी जिवावर आली होती, की दाराकडे बघितलं तरी थकायला व्हायचं.

"अहो, मी तुमचीच," एवढं म्हणायला काय जात होतं? चाळीस हजारांचं चर्च आमचं. कोण कुणाला ओळखतो? तिघी हसलो असतो, कॉफी प्यालो असतो, त्या पुढच्या दाराला गेल्या असत्या. पण जीभच हलेना. मी म्हटलं, "या, आत या." म्हातारीला बूट काढताना खाली वाकवेना, म्हणून मी तिचा हात धरला. हात गरम होता, खरखरीत. "देव तुमचं भलं करो," ती म्हणाली, आणि पुढचा 'आमेन' मी दातांखाली दाबला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिशीतलीनं स्वतःचं नाव हा-रम सांगितलं, म्हातारीनं ओक-बुन. मीही माझं नाव सांगितलं, चोंग-इम. नाव तरी खरं सांगावं म्हटलं.

मग हा-रमनं पुस्तिका उघडली. काय सांगू! तिचं पान न् पान मला पाठ. कुठल्या चित्रावर बोट ठेवायचं, कुठे थांबायचं, समोरची बाई कंटाळली तर मुलाबाळांची चौकशी कशी करायची, हे मी इतक्या जणींना शिकवलंय की हा-रमला शिकवणारीलाही बहुतेक मीच शिकवलं असेल. आणि तरी मी ऐकत राहिले. पहिल्यांदाच पलीकडच्या खुर्चीवर बसले होते. इकडून ते सगळं फार लांबचं वाटत होतं, विम्याची योजना समजावून सांगावी तसं. मग तिनं आवाज खाली आणला. आता तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "चोंग-इम ताई, समजा आज संध्याकाळी मरण आलं. आपण स्वर्गात जाऊ अशी खात्री आहे का तुम्हाला?" ह्या प्रश्नाला मी आयुष्यभर 'हो' म्हणत आले. शाळेत असताना म्हटलं, बाळंतपणाच्या टेबलावर म्हटलं. रविवारीही म्हणायचंच आहे: पाळकसाहेब एकेक वचन वाचून विचारणार, विश्वास आहे का, आणि आम्ही बावीस जणी एका रंगाच्या हानबोकमध्ये, आमच्या पारंपरिक पोशाखात, उभ्या राहून एका सुरात 'होय' म्हणणार. "नाही," मी म्हटलं. "खात्री नाही." माझे कान तापले. त्या घरात कित्येक वर्षांत एवढं खरं वाक्य कुणी बोललं नसेल.

कधी गेलं ते? लोकांना वाटतं असं काही जातं तेव्हा मोठं कारण लागतं. कुणी मेलं, कुणी फसवलं, पाळकानं पैसे खाल्ले. माझं तसं काहीच नाही. सात वर्षांपूर्वीचा एक शनिवार. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात मी दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी मुळे सोलत होते, आठशे माणसांचं सार व्हायचं होतं. वर गायकवृंदाची तालीम चालली होती. हात पाण्यानं बधीर झालेले. आणि सोलता सोलता माझ्या लक्षात आलं, की मी मनात ज्याच्याशी सारखी बोलत असते, तिथे कुणी नाहीये. फ्रिजची घरघर बंद पडली की मग कळतं ना, इतका वेळ चालू होती म्हणून? तसं. मी थांबले, कानोसा घेतला. काहीच नाही. वर बायका गात होत्या, ठीक गात होत्या. मी पुढचा मुळा उचलला. म्हटलं, दमलोय आपण, झोप झाली की येईल परत. झोप झाली, आलं नाही. मग मी जास्त काम अंगावर घ्यायला लागले. पहाटेच्या प्रार्थनेला जायचे, भांडी घासायचे, आजाऱ्यांना भेटायचे. लोक म्हणायचे, चोंग-इमचा विश्वास बघा! आणि मी आपली रिकाम्या घराची झाडलोट करत होते. थे-ओच्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेआधी इतर आयांसारखी शंभर दिवसांची पहाटेची प्रार्थना धरली. त्र्याहत्तराव्या दिवशी गुडघ्यांवर बसून मी काय करत होते, तर घरापासून चर्चपर्यंतचे बसथांबे मनात मोजत होते. पोरगा पास झाला. सगळे म्हणाले, आईची प्रार्थना फळाला आली. मला इतकी लाज वाटली. पोरानं डोळे फोडून अभ्यास केला होता.

"ताई, हे वाचाल का?" हा-रमनं तिचं चेनवालं बायबल माझ्यापुढे सरकवलं आणि पौलाच्या एका पत्राचा अध्याय सांगितला. नव्या माणसाला ते सापडत नाही. तो अनुक्रमणिका शोधतो, जुन्या करारात भरकटतो, मग आपण हसून मदत करायची, तेवढीच जवळीक होते. माझ्या बोटांनी ते एका झटक्यात उघडलं. बरोबर तेच पान. हा-रम पुस्तिकेत बघत होती, तिच्या लक्षात आलं नाही. ओक-बुनबाईंच्या आलं. त्यांनी आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे, मग माझ्याकडे. मी मोड आलेल्या सोयाबीनचं पातेलं उगाच इकडून तिकडे सरकवलं. त्यांनी नुसता पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला, बस.

शेवटी स्वीकाराची प्रार्थना. "मी म्हणते, तुम्ही माझ्यामागून म्हणा," हा-रम म्हणाली. मी म्हणायला लागले. प्रभू येशू, मी पापी आहे. म्हटलं. हे खोटं नाहीच. मी तुझ्यापासून दूर गेले. म्हटलं, आणि शेवटचा शब्द अर्ध्यावरच तुटला. हा-रमला वाटलं पवित्र आत्मा काम करतोय, तिनं माझा हात घट्ट दाबला. आता माझ्या मनाचं दार उघडून तुला आत घेते. मी थांबले. "ताई? माझ्या मनाचं दार..." "नाही म्हणवत मला," मी म्हटलं. "अहो, सोपं आहे. नुसतं म्हणा. आधी शब्द येतात, विश्वास मागून येतो." "नाही येत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "खूप वाट बघितली. नाही येत तो." हा-रमचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागे ती घाबरली. "हा-रम," ओक-बुनबाई म्हणाल्या, "राहू दे गं. समोरचं घर बघ तू. मला बूट घालायला वेळ लागेल."

हा-रम गेली. ओक-बुनबाई दाराशी पायरीवर बसल्या, पण बुटांना हात लावला नाही. "किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सात." "आमच्याच चर्चमध्ये?" मी मान हलवली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि मग, "कुणाला सांगितलंत?" "आत्ता तुम्हाला." "नवऱ्याला?" "त्याला काय, तो रविवारी झोपायला येतो चर्चमध्ये." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "माझी मुलगी नऊ वर्षं माझ्या शेजारी बसायची. माझ्याहून चांगली गायची. आणि मी काय मिरवायची हो तिला! एक दिवस भाचीकडून कळलं, की तिचं सगळं कधीच सुटलंय, फक्त आईला बरं वाटावं म्हणून येते. येते म्हणजे काय, मला सांभाळायला येते! लहान पोराला जत्रेत न्यावं तशी मला चर्चला नेत होती." त्यांनी गुडघ्याचा पट्टा आवळला. "तिचा विश्वास गेला ह्याचं रडू मी देवापुढे रडले. पण ते नऊ वर्षांचं मिरवणं... त्याची लाज जात नाही मेली. त्या लाजेचं काय करायचं?" मी म्हटलं, "तिला तुम्हाला दुखवायचं नव्हतं." "ते कळतं हो. म्हणून तर राग पण धड येत नाही." मी त्यांना बूट घालून दिले. जाताना त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला, नव्या रंगावर, पण प्रार्थना केली नाही. नुसता आधाराला ठेवला असेल.

पातेलं तसंच ठेवून मी निघाले. सात नंबरची मेट्रो नोवोनहून थेट बुप्यंगपर्यंत जाते, दीड तास लागतो. आई तिथे एकटी राहते. एक्याऐंशीची आहे. बाबा तिथल्या चर्चमध्ये 'वडील' होते, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या जाणत्यांपैकी एक, आई वीस वर्षं क्वोनसा. आमच्या घरात खाणं, अभ्यास, ताप, सगळ्याला प्रार्थना होती. मी भावाला मारलं तरी आधी प्रार्थना, मग चापट. पावसाळ्यात आम्ही राहायचो त्या तळघरातल्या खोल्यांत पाणी शिरायचं तेव्हा आई गाद्या डोक्यावर धरून गीतं म्हणायची, आणि आम्हाला खरंच भीती वाटायची नाही. हे मी कुणाला कसं सांगू, की मला त्या गीतांचा राग नाही? राग असता तर बरं झालं असतं; रागाला निदान धग असते. आईला रविवारची माझ्याहून जास्त घाई होती. तिच्या चर्चच्या सात म्हाताऱ्यांसाठी तिनं गाडी ठरवली होती. माझ्या हानबोकचा पांढरा गळपट्टा तीच शिवणार म्हणून हटून बसली होती. 'माझं सगळं घर प्रभूत आहे,' हे तिचं वाक्य. तेवढ्या एका वाक्यावर बाई सुखानं झोपते. ते काढून घ्यायला मी चालले होते, दुपारच्या मेट्रोत मांडीवर पर्स घेऊन, शहाण्यासारखी. गंगनाम ओलांडेपर्यंत चारदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. बावीस जणींत एक 'होय' कुणाला ऐकू येणार आहे? मी ओठ हलवले तरी चालेल. पण आई तिथे पहिल्या रांगेत बसेल, सात म्हाताऱ्यांना कोपरानं ढोसत बसेल, आणि मी तिच्या त्या आनंदाकडे वरून बघत उभी राहीन. ते नको वाटलं. देवाशी काय व्हायचं ते होवो, आईला जत्रेत न्यायचं नव्हतं मला.

"अगं, फोन तरी करायचास! घरात काही नाही खायला," आई म्हणाली, आणि लगेच तांदूळ धुवायला घेतले. हानबोक खिडकीशी टांगलेला होता. "गळपट्टा झालाय. उभी राहा, खांद्याला बघू दे." "आई, बस ना जरा." "बसते, भात लावू दे." तिनं भात लावला, सुक्या माशाचं सार चढवलं, हात पुसले, बसली. मी विचार केला होता कसं बोलायचं, पण तोंडातून सरळ निघालं. "आई, रविवारी मी उभी राहणार नाही. मला ते 'होय' म्हणता येणार नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "दमलीयेस तू. सगळ्यांनाच होतं असं. मला माझ्या वेळी वाटलं होतं, आपली लायकी नाही." "लायकीचं नाही गं. मला... तिथे कुणी आहे असं वाटत नाही. बरीच वर्षं." "बरीच म्हणजे?" "सात." गॅसवर सार उकळायला लागलं, मी उठून आच कमी केली. परत आले तर ती तशीच बसलेली, ओठ किंचित हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतेय. ती वर्षं मोजत होती.

"बाबांना जाऊन सहा झाली," ती म्हणाली. बाबा शेवटच्या दिवशी घाबरले होते. चर्चचे वडील, सगळ्यांच्या मरणाशी उभं राहिलेला माणूस, आणि चादर मुठीत धरून म्हणत होते, "काळोख दिसतोय, काळोख दिसतोय." पाळकसाहेब वाटेत अडकले होते. आईचा आवाज फुटेना. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांचा हात धरून प्रार्थना केली. अर्धा तास, न अडखळता. त्यांना सांगितलं, तिथे उजेड आहे, तुमची आई उभी आहे, आम्ही मागून येतोय. त्यांची मूठ सुटली. शांतपणे गेले. त्याची साक्ष आईनं किती चर्चमध्ये दिली असेल, देव जाणे. "ती प्रार्थना," आई म्हणाली, "तेव्हा पण नव्हता तुझा विश्वास?" "नव्हता." "मग कुणाला म्हणत होतीस?" "बाबांना," मी म्हटलं. "ते ऐकत होते ना." आईनं टेबलावरचं फडकं उचललं, घडी घातली, मोडली, परत घातली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर किती बरं झालं असतं. "आई, शिवी दे हवं तर. पण काहीतरी बोल." ती म्हणाली, "माझ्या वेळी तू करू नकोस. पाळकांना बोलाव. ते उशिरा आले तर उशिरा." इतकी वर्षं मला ह्या कामातून सुटायचं होतं, आणि सुटले तर हुंदका आला. तिनं मला जवळ घेतलं नाही. उठून भात बघायला गेली.

मग तिनं ताटं मांडली. भात, सार, किमची, तिळाच्या तेलातली पालेभाजी. 'घरात काही नाही' म्हणताना एवढं निघालं. समोरासमोर बसलो. आयुष्यभर ह्या वेळी ती दोघींच्या वतीनं जेवणाआधीची प्रार्थना म्हणत आली आहे. आता ती थांबली, चमच्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "तू सुरू कर. गार होईल. मी माझ्यापुरती म्हणते." तिनं मान खाली घातली. मी कशी सुरू करणार? आईनं चमचा उचलल्याशिवाय आमच्याकडे कुणी उचलत नाही. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि डोळे मिटायचे की नाही ते कळेना म्हणून उघडेच राहिले. चोपन्न वर्षांत आईचा प्रार्थना करतानाचा चेहरा मी पाहिला नव्हता. तिच्यासमोर माझे डोळे कायम मिटलेले. मला वाटायचं, तो चेहरा शांत असणार, त्या गाद्यांखालच्या गीतांसारखा. तो शांत नव्हता. भुवया आवळलेल्या, हनुवटी पुढे काढलेली, मानेची शीर उडत होती. मंडईत खराब कोबी दिला म्हणून ती दुकानदाराला धारेवर धरायची ना, अगदी तशी. ओठ भराभर हलत होते, थांबत होते, पुन्हा सुरू होत होते, समोरच्याला बोलू द्यायला ती तयारच नव्हती. साराची वाफ संपली. आई देवाशी भांडत होती, आणि ती हार मानेपर्यंत मला जेवता येणार नव्हतं.